भांडणाने राखलेलं रान

आमच्या खोलीत तीन टेबलं होती आणि दोन खिडक्या. एक खिडकी उघडत नव्हती, दुसरी बंद होत नव्हती. बंद न होणाऱ्या खिडकीपाशी मी नकाशे काढायचो. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवलेले असायचे. न उघडणाऱ्या खिडकीखाली बाई बसायच्या. तिसऱ्या टेबलावर फायली बसायच्या आणि त्या कधी उठायच्या नाहीत.

बाईंना पाठीमागे सगळे ‘रकानेबाई’ म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. जी रानं, तळी, डोंगर, बेटं कोणीतरी निसर्गासाठी राखून ठेवली आहेत, त्यांची नोंदवही त्यांच्याकडे होती. प्रत्येक जागेपुढे दोन गोष्टी लिहायच्या असत. पहिली, ती जागा कशासाठी आणि कशी राखली जाते. याचे रकाने सहा. पण पहिल्याचे दोन पोटभाग असल्यामुळे खरे सात. पाऊलही टाकायचं नाही अशा जागेपासून ते ‘वापरा, पण जपून’ अशा जागेपर्यंत. दुसरी गोष्ट, कारभार कोणाचा. याचे रकाने चार: सरकारचा, खासगी मालकाचा, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचा, किंवा यातल्या काही जणांनी मिळून चालवलेला.

“दोन प्रश्न आहेत,” नवीन माणूस आला की बाई सांगायच्या. “कशासाठी, आणि कोण. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. सरकारचं आहे म्हणून कडक असतं असं नाही, आणि खासगी आहे म्हणून ढिलं असतं असंही नाही.”

नवीन माणूस मान डोलवायचा आणि सहा महिन्यांत बदली करून घ्यायचा.

घरीही त्यांचं हेच चालायचं. त्यांचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गमत्ये. एकदा ते माझ्यासमोर म्हणाले, “एवढी सगळी रानं लावलीस मार्गी, मी कुठल्या रकान्यात गं?” बाईंनी भाजी निवडता निवडता मान वर न करता सांगितलं, “सहाव्या. वापर चालतो, पण झीज होता कामा नये.”

दोनशे बारा जागा त्यांनी रकान्यांत बसवल्या होत्या. त्यांतली एकही पाहिलेली नव्हती. नियमात पाहणी सक्तीची नव्हती; कागद पुरेसे होते. आणि बाईंचा कागदावर विश्वास होता.

त्या वर्षी आमच्या विभागाला पाच नव्या जागा दाखवायच्या होत्या. चार झाल्या होत्या. त्यातली एक म्हणजे साहेबांच्या बंगल्यामागची टेकडी, हे सोडून देऊ. पाचवी काही मिळेना. अशात एका निवृत्त मास्तरांचं पत्र आलं. नदीच्या वळणावर साधारण शंभर एकरांचं दाट रान आहे, त्याला सव्वीस वर्षांत कुऱ्हाड लागलेली नाही, बगळ्यांची एकशे चाळीस घरटी त्यांनी स्वतः पुलावर उभं राहून मोजली आहेत, आणि या रानाची नोंद कुठेच कशी नाही, असं त्यांनी विचारलं होतं.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “सव्वीस वर्षं कोणी आत गेलं नाही? बाई, टाका पहिल्यात! एकदम कडक संरक्षण!”

“कशासाठी राखलंय ते पत्रात नाही,” बाई म्हणाल्या.

“कशासाठी म्हणजे? निसर्गासाठी. आणखी कशासाठी राखतात?”

“ते विचारावं लागेल.”

साहेबांनी पत्रं पाठवली. मालकांकडून उत्तर येईना. अहवाल तर छापखान्याच्या दारात उभा. शेवटी साहेब चिडून म्हणाले, “मग जाऊन विचारा ना!” त्यांना वाटलं, बाई गप्प बसतील. बाईंनी दुसऱ्याच दिवशी प्रवासाचा अर्ज पुढे केला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, नोकरीतली पहिली पाहणी. नकाशासाठी मी बरोबर.

मास्तर आम्हाला पुलावर भेटले. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, हातात वही. पुलाखाली नदी वळसा घेत होती आणि त्या वळशाच्या कुशीत ते रान. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून जरा ओशाळून म्हणाल्या, “नकाशेवाले, इथे आवाज किती आहे हो! मला वाटायचं, अशा जागा शांत असतात.”

खरंच कलकलाट होता. एकशे चाळीस घरटी आणि प्रत्येक घरट्यात तक्रार.

रानाभोवती तारेची दोन कुंपणं होती, एकाला लागून एक, मधे जेमतेम हातभर जागा. मी नकाशात कुठलं कुंपण धरू ते कळेना. मास्तरांनी खुलासा केला. रान दोघा भावांचं. थोरल्याची या काठाला पिठाची गिरणी, धाकट्याचं पलीकडे घड्याळं दुरुस्तीचं दुकान. बाप गेल्यावर नदीने पात्र थोडं बदललं आणि हद्द कुठली यावरून दोघांत जुंपली. खटला कोर्टात गेला. कोर्टाने हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत जैसे थे. कोणी काडी तोडायची नाही, गुरं सोडायची नाहीत, आत पाय ठेवायचा नाही. निकाल अजून लागायचा होता. एक कुंपण थोरल्याचं होतं. दुसरं धाकट्याचं, कारण पहिल्यावर त्याचा विश्वास नव्हता.

आम्ही आधी गिरणीत गेलो. थोरला माणूस नखशिखांत पांढरा झालेला; पीठ कुठलं आणि केस कुठले ते सांगता येत नव्हतं. बाईंनी वही उघडून विचारलं, “हे रान तुम्ही कशासाठी राखलंय?”

“त्याला काडी मिळू नये म्हणून,” त्याने पलीकडच्या काठाकडे हनुवटी उडवली.

“दुसरं काही कारण?”

“दुसरं कशाला लागतंय? एवढं पुरेसं नाही?”

मग पूल ओलांडून दुकानात. धाकटा डोळ्याला भिंग लावून बसला होता. बाईंनी तोच प्रश्न विचारला. भिंग न काढता तो म्हणाला, “गिरणीवाल्याने काय सांगितलं?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“मग माझंही तेच लिहा.”

दोघांकडे रानावर नजर ठेवायला एकेक खिडकी होती आणि एकेक वही होती. कोण कुंपणाजवळ आला, किती वाजता, किती वेळ थांबला. सव्वीस वर्षांत एकही लाकूडचोर आत शिरला नव्हता, कारण चोर दिसला की दोघांनाही तो दुसऱ्याने पाठवलाय असं वाटायचं आणि दोघेही काठी घेऊन धावायचे. आमच्या दोनशे बारा जागांपैकी एकीलाही असे पहारेकरी नव्हते.

परत आल्यावर बाईंनी फॉर्म भरला. मी तो वाचला आहे. ‘राखण्याचा उद्देश’ या ओळीत लिहिलं होतं: भाऊबंदकी. ‘कारभार’ या ओळीत: कोर्टाचा जैसे थे हुकूम.

साहेब कपाळाला हात लावून बसले. “बाई, हे मी वर पाठवू? ‘ना तुला ना मला, घाल बगळ्याला’ असा एखादा रकाना आहे का आपल्याकडे?”

“जवळपास आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या आणि कपाटातून एक पातळ वही काढली. ती मीही कधी पाहिली नव्हती. निसर्ग राखण्याचा हेतू नाही, पण दुसऱ्याच कुठल्या कारणाने तो राखला जातोय, अशा जागांची ती वेगळी यादी होती. आत पानं कोरी. “यात बसतं. संरक्षित क्षेत्र म्हणता येणार नाही, पण नोंद होईल. फक्त ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना नोटीस देऊन बोलवावं लागतं.”

नियम होता: सर्व संबंधितांना एकाच दिवशी, एकाच वेळी. बाईंनी नियम पाळला.

अकरा वाजता दोघे आले. बाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना बसले. मधे तिसरा माणूस आडवा झोपेल एवढी जागा. आत बोलावल्यावर थोरल्याने नोटीस टेबलावर आपटली.

“हे काय लिहिलंय? ‘आपला संरक्षणाचा हेतू नसतानाही आपल्याकडून निसर्गाचे संरक्षण होत असल्याचे आढळून आले आहे.’ म्हणजे आम्ही काय गुन्हा केला?”

“गुन्हा नाही. चांगलं आहे ते,” बाई म्हणाल्या.

“चांगलं आहे तर ‘आढळून आले’ कशाला?” धाकटा म्हणाला. “आढळून चोऱ्या येतात.”

बाईंनी समजावलं, की कोणाचीही मालकी जात नाही, फक्त नोंद होते.

“आणि उद्या आमचं भांडण मिटलं तर?” थोरल्याने सहज विचारलं. त्याला बहुधा नुसता वाद घालायचा होता.

इथे दुसरं कोणी असतं तर ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणून वेळ मारून नेली असती. पण बाईंना खोटं लिहिता येत नव्हतं तसं अर्धवट बोलताही येत नव्हतं. त्या म्हणाल्या, “तसं आम्हाला कळवावं लागेल. कारण बदललं की नोंद बदलते.”

“भांडण मिटवायचं तर सरकारला कळवायचं?”

“लेखी.”

थोरल्याने मान वळवून धाकट्याकडे पाहिलं. “ऐकलंस?”

“ऐकलं की,” धाकटा म्हणाला.

सव्वीस वर्षांत एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. बायकांच्या विनवण्या, नातेवाइकांच्या बैठका, दोन वकिलांची सगळी हयात, यांना जे जमलं नाही ते बाईंच्या एका वाक्याने झालं. दोघे तावातावाने उठले आणि सरकारला नावं ठेवत एकाच गाडीत बसून गेले. मी खिडकीतून पाहत होतो. धाकट्याने थोरल्यासाठी गाडीचं दार धरलं होतं.

महिन्याभराने मास्तर आमच्या खोलीत आले. टोपी हातात होती. दोघांनी खटला मागे घेतला होता. आतलं कुंपण काढलं होतं. रान निम्मं निम्मं वाटून घेऊन लाकूडतोडीच्या ठेकेदाराला द्यायचं ठरलं होतं. झाडांवर चुन्याच्या खुणाही झाल्या होत्या. “दोघे भाऊ सोबत फिरतात,” मास्तर म्हणाले. “एक खूण करतो, दुसरा डबा धरतो. गावात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण वेगळ्या कारणाने.”

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “पण अहवाल छापून झाला! रान त्यात आहे. पहिल्या रकान्यात.” बाईंच्या नोंदीची वाट न पाहताच त्यांनी ते छापायला दिलं होतं.

बाईंनी दोन दिवस नोंदवही उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाल्या, “नकाशेवाले, मी खरंच लिहिलं होतं ना?”

“अगदी खरं.”

“आणि खरंच सांगितलं.”

“हो.”

“मग असं कसं झालं?”

मी नकाशावरचा दगड उगाच इकडचा तिकडे ठेवला.

त्यानंतर त्यांनी पुन्हा ती फाईल काढली. चूक शोधायला. त्यांची खात्री होती की गोष्ट एवढी बिघडली म्हणजे कुठला तरी कागद राहिला असणार. कोर्टाच्या कागदांवर दोनच नावं होती. त्या मागे मागे जात जमिनीच्या जुन्या उताऱ्यापर्यंत पोचल्या. तिथे बापाच्या नावाखाली बारीक अक्षरात होतं: वारस, मुलगे दोन, मुलगी एक.

“तिसरी नोटीस गेलीच नाही,” बाई म्हणाल्या. चेहरा असा, जणू घराला आग लागलीय आणि किल्ली सापडलीय.

बहीण तीन तासांच्या अंतरावर राहत होती, दुसऱ्या शहरात. नोटीस टपालाने पाठवता आली असती. बाईंनी रजा टाकली आणि स्वतः निघाल्या. मीही गेलो, का गेलो ते मला अजून नीट सांगता येत नाही.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका ताठ बाईने. मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका म्हणून आयुष्य काढलेलं. खोली वॉर्डासारखी लख्ख. पलंगावरची चादर अशी ताणलेली की वर बसायचं धाडस होईना. दोघा भावांची ती ताई. सगळ्यांत थोरली. तिने चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली.

“म्हणजे त्या रानात माझाही हिस्सा आहे?”

“उताऱ्यावर तसं आहे. सोडल्याचा कागद कुठे सापडला नाही.”

“सोडल्याचा कागद!” ती हसली. “मागितला असता तर दिला असता हो मी. वडील गेले तेव्हा दिला असता. हे दोघे भांडत होते तेव्हाही दिला असता. एकाने तरी येऊन म्हणायचं, ताई, तुझं काय? दोघांनाही आठवणच झाली नाही मी आहे याची. आजारी पडले की मात्र बरोबर पत्ता सापडायचा.”

तिने नोटिशीची काटेकोर घडी घातली.

“तुम्ही मला काय करायला सांगताय?”

“मी काहीच सांगत नाही,” बाई म्हणाल्या. “सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. एका वारसाला नोटीस पोचली नव्हती, ती द्यायला आले. कार्यालयाची चूक.” मग जरा थांबून त्यांनी घसा साफ केला. “झाडांवर चुन्याच्या खुणा झाल्यात, एवढं मात्र मी पाहिलेलं नाही, ऐकलंय.”

एकतीस वर्षांत बाईंनी नियमापलीकडे उच्चारलेलं हे एकच वाक्य. त्यातही त्यांनी ‘ऐकलंय’ असा खुलासा केला.

ताई दुसऱ्याच दिवशी रानावर हजर झाली. पुढचं मास्तरांनी सांगितलं. ठेकेदाराची माणसं करवती काढत होती. ताईने त्यांना वॉर्डात धुडगूस घालणाऱ्या नातेवाइकांना हाकलावं तसं हाकललं. भाऊ धावत आले.

“ताई, तू मधे पडू नकोस,” थोरला म्हणाला.

“मी मधे नाही, मी पहिली आहे. जन्माने.”

“तुला लाकूड हवंय का? देतो ना तुझा वाटा,” धाकटा म्हणाला.

“मला लाकूड नको. मला विचारलेलं हवं.”

शेवटी तिघं आमच्या खोलीत बसली. ताईची अट एकच होती: यापुढे रानातलं पानही हलवायचं तर तिघांच्या सह्या लागतील. आणि भावांवर भरवसा नसल्यामुळे चौथी सही कार्यालयाची. भाऊ ताईपुढे लहानपणी जसे गप्प बसत तसे आताही बसले होते. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे दोघांची दिलजमाई झाली आणि तिसरीने ती मोडून काढली.

बाईंनी फॉर्म पुढे घेतला. “कारभार: एकत्रित. मालक आणि सरकार मिळून. आता सांगा, कशासाठी राखताय?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ताई म्हणाली, “लिहा, बगळ्यांसाठी.”

“बगळ्यांसाठी?” थोरल्याने तोंड वाकडं केलं.

“तुला दुसरं काही सुचतंय?”

धाकटा म्हणाला, “बगळे चालतील मला. याच्यापेक्षा बरे.”

थोरल्याने त्याच्याकडे असं पाहिलं की माझा जीव भांड्यात पडला. भांडण शाबूत होतं.

बाईंनी चौथा रकाना भरला: एखाद्या प्राण्यापक्ष्याच्या वस्तीसाठी राखलेली जागा. साहेबांनी खूप आर्जवं केली, अहवालात पहिला छापलाय, पहिलाच राहू द्या. बाईंनी शुद्धिपत्र काढायला लावलं. ते बोटाएवढं कागदाचं चिटोरं प्रत्येक प्रतीत चिकटवायला आम्हाला आठवडा लागला. पुढच्या वर्षी साहेबांना पाच जागा पूर्ण केल्याबद्दल बढती मिळाली.

बाई निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. त्या रानासाठी सह्या करणाऱ्या चौघांची समिती झाली आहे; तिची वर्षातून दोनदा बैठक होते. कार्यालयातर्फे सही करायला मी जातो. आजवर एकही ठराव मंजूर झालेला नाही. थोरल्याला वाट काढायची होती, धाकट्याने अडवलं. धाकट्याला आत बाकडं ठेवायचं होतं, थोरल्याने अडवलं. दोघांचं चुकून एकमत झालं तर ताई विचारते, “मला कोणी विचारलं का?” मास्तरांच्या मोजणीत घरटी दोनशे दहावर गेली आहेत.

निवृत्तीनंतर बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी सरकारी अर्ज केला. त्या रानात एकदा आत जाऊन बघायची परवानगी. मी तो बैठकीत ठेवला. ताईने लगेच सही केली. थोरल्यानेही केली. थोरल्याने केली म्हणून धाकट्याने केली नाही. दुसऱ्या वर्षी मी आधी धाकट्याला विचारलं. त्याने आनंदाने केली, मग थोरल्याने नाही.

गेल्या महिन्यात पाचवा नकार द्यायला मी बाईंच्या घरी गेलो. यजमान चहा घेऊन आले आणि म्हणाले, “काय हो, एवढं राबलेल्या बाईला एक फेरी मारू देत नाहीत? लाज वाटते का तुमच्या समितीला?”

बाईंनी चष्मा लावून नकाराचं पत्र सावकाश वाचलं, तारीख आणि जावक क्रमांक तपासला, आणि खालच्या सह्या एकदा मोजल्या.

“बरोबर आहे,” त्या समाधानाने म्हणाल्या. “फक्त इथे ‘अर्जदार’ऐवजी ‘अर्जदारीण’ लिहिलंय. ते दुरुस्त करून आणा, मग मी पोच देते.”